मार्करची टिक

"गंगा, हा नट गॅसचा ना?" फिलिप अंकलनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग आटे सरळ कसे?"

अंकल मिलिंग मशीनपाशी उभे होते. हातात पितळेचा षटकोनी नट. बाजूच्या क्रेटमध्ये तसेच आठशे. मंगळवार दुपार होती आणि माल गुरुवारी सकाळी मुलुंडच्या कंपनीत पोचवायचा होता.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. गॅस कटिंगच्या सेटला दोन नळ्या असतात, एक ऑक्सिजनची आणि एक गॅसची. दोन्हींच्या नटांचं माप एकच असतं. ऑक्सिजनचा नट नेहमीसारखा उजवीकडे फिरवला की घट्ट होतो. गॅसच्या नटाचे आटे मात्र उलटे कापतात, तो डावीकडे फिरवावा लागतो. म्हणजे एकाची नळी दुसऱ्याला चुकूनही बसत नाही. आणि वरून ओळखू यावा म्हणून गॅसच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाच मारतात.

ही खाच मारायचं काम अंकलकडे. मारण्याआधी त्यांनी एक नट कंपनीने दिलेल्या गॅसच्या तोटीवर फिरवून पाहिला. तो चढेना. त्यांनी पाहिलं नसतं तर सरळ आट्यांवर खाच पडली असती. असा नट वरून गॅसचा आणि आतून ऑक्सिजनचा. कोणीतरी खाच बघून तो गॅसच्या नळीला लावला असता, आणि मग ती नळी चुकून ऑक्सिजनच्या तोंडावर नेली तर बसलीही असती. पुढचं मला आजही मनात आणवत नाही.

मी कंपनीचं ड्रॉइंग बाहेर काढून बघितलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'एलएच' लिहिलं होतं. लेफ्ट हँड, म्हणजे उलटे आटे. मी ते वाचलंच नव्हतं. आधीची ऑर्डर ऑक्सिजनच्या नटांची होती, आकृती तशीच दिसली, आणि मी आठवणीवर लेथ मशीन सेट केलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. सेटिंग झालं की आधी एकच पीस काढायचा. त्याला फर्स्ट पीस म्हणतात. तो तपासून पास केल्याशिवाय पुढचे काढायचे नाहीत. माझ्या गाळ्यात फर्स्ट पीस मीच पास करायचो. खिशातला हिरवा मार्कर काढून त्यावर टिक मारायची आणि पीस मशीनवर ठेवून द्यायचा. या वेळीही मी तपासला होता, पण ड्रॉवरमध्ये वर पडलेल्या सरळ आट्यांच्या गेजने, म्हणजे आटे तपासायच्या मापाने. चुकीच्या पीसला चुकीचं गेज छान बसलं.

लेथवर संदेश परब होता. कुडाळचा, माझ्याकडे चार वर्षं.

"परब, ड्रॉइंगवर एलएच दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना."

"मग?"

"फर्स्ट पीसवर तुमची टिक होती."

"अरे, दिसलं तर बोलायचं ना."

परब कपड्याने हात पुसत राहिला. "मागे एकदा बोललो होतो, शेठ. तुम्ही म्हणालात, तू मशीन चालव, डोकं मी चालवतो."

मला ते आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, यात शंका नव्हती.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली आणि चुलत्याच्या ओळखीने मी घाटकोपरला आलो, तिथून मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये झाडू मारायला. फिलिप अंकल तिथे टूलरूमला होते. ते मरोळ गावातलेच, जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. डब्याच्या सुट्टीत त्यांनी मला ड्रॉइंग वाचायला शिकवलं, एकेक अक्षर चित्रासारखं दाखवून. त्यांच्यामुळे मी उभा राहिलो. मी गाळा घेतला तेव्हा ते रिटायर झाले होते, तरी माझ्याकडे आले. आज गाळ्यात सहा माणसं आहेत. निम्म्याहून जास्त काम त्या मुलुंडच्या कंपनीचं. ती गेली असती तर मला तिघांना तरी घरी बसवावं लागलं असतं.

नट वाया जाणार नव्हते, ऑक्सिजनच्या पुढच्या लॉटमध्ये गेले असते. पण गुरुवार हातचा गेला होता. मी कंपनीच्या पर्चेस मॅनेजर तांबे मॅडमना फोन लावला. फोन लागेपर्यंत दोन कारणं तयार केली होती. लाइट गेली, टूल तुटलं. पण अंकल समोरच उभे होते.

"मॅडम, गुरुवारी माल येणार नाही. सोमवार होईल. आटे चुकीच्या हाताचे झालेत, पूर्ण लॉटचे."

"फर्स्ट पीस कोणी पास केला?"

"मी."

"सेटिंग कोणाचं होतं?"

"माझंच."

"म्हणजे पेपर तुम्ही लिहिला आणि तुम्हीच तपासला. तुम्ही चुकलात तर मशीन कोण थांबवतं, कदम?"

मी हातातल्या ड्रॉइंगवरच्या त्या 'एलएच'कडे बघितलं.

"सोमवारी मीच येते," मॅडम म्हणाल्या. "फाइल नको, सर्टिफिकेट नको. तुम्हाला अडवणारा एक माणूस दाखवा. नसेल तर पुढची ऑर्डर मी दुसरीकडे देईन."

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना गोळा केलं आणि नियम सांगितला. ज्याने सेटिंग केलं त्याने टिक मारायची नाही. माझं सेटिंग परब तपासेल. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, झालं.

बुधवारी सकाळी मी उलट्या आट्यांसाठी मशीन सेट केलं, फर्स्ट पीस काढला आणि मार्करसकट परबच्या हातात दिला. त्याने पीस डोळ्यांसमोर एकदा फिरवला, टिक मारली, मार्कर परत दिला.

"गेज लावलंस?"

"तुम्ही सेटिंग केलंय ना."

"म्हणून तर तू तपासायचं."

"बरं," म्हणत त्याने गेज लावलं. पीस बरोबर होता. पण पुढच्या सेटिंगलाही तेच. मी चिडलो, तसा तो आणखी पटापट टिक मारायला लागला.

चहाच्या वेळी अंकलनी विचारलं, "मार्कर कुठे असतो रे?"

"माझ्या खिशात."

"म्हणजे तो तुझ्याकडे मागणार, तू देणार, तो टिक मारून परत आणून देणार, आणि तू तिथेच डोक्यावर उभा. मग तुला नाही कोण म्हणणार? मी तरी म्हणालो असतो का?"

"तुम्ही तर रोज म्हणता, अंकल."

"मी तुला झाडू मारताना बघितलंय. त्यांनी नाही."

मी मार्करला दोरी बांधली आणि तो लेथच्या हँडलला लटकवला. आणि स्वतःला सांगितलं की परब तपासत असेल तेव्हा आपण तिथून बाजूला व्हायचं. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या दोन दिवसांत मी उगाचच चार वेळा गाळ्याबाहेर जाऊन आलो. खिशाकडे सारखा हात जायचा. माझ्याकडे शाळेचा दाखला नाही. इतकी वर्षं तो मार्करच माझा दाखला होता, हे तो खिशात नसताना कळलं.

सोमवारी तांबे मॅडम अकराला आल्या. शेवटचे दोनशे नट बाकी होते. तेवढ्यात मशीनचा इन्सर्ट, म्हणजे आटे कापणारं टोक, झिजला. तो बदलला की फर्स्ट पीस पुन्हा काढावा लागतो. मी इन्सर्ट बदलला, पीस काढला, परबला दिला आणि मॅडमना क्रेट दाखवायला लागलो.

थोड्या वेळाने मशीनचा आवाज बंद झाला.

"शेठ," परब म्हणाला, "गो जाणा नाय."

घाबरला की परब मालवणीत बोलतो. आट्यांचं गेज दोन तोंडांचं असतं. 'गो'चं तोंड आत जायला पाहिजे, 'नो-गो'चं जाता कामा नये. गो जात नाही म्हणजे पीस नापास.

सेटिंग बरोबर होतं, मला खात्री होती. तोंडात "दे इकडे" आलं होतं. गाळा घेतल्यापासून मी दिवसातून पन्नास वेळा तेच म्हणत आलो होतो. मॅडम बघत होत्या. मी हात पाठीमागे बांधले.

"मग काय करतोस?" मी विचारलं.

"आणखी एक काढून बघतो."

दुसऱ्यातही गो गेलं नाही. तिसऱ्यातही नाही. परबने इन्सर्ट उघडून परत बसवला. पंचवीस मिनिटं मशीन बंद. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. मी एकदा अंकलकडे बघितलं, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

शेवटी परबने गेज उजेडात धरलं आणि टूथब्रशने घासलं. गेजच्याच आट्यात पितळेचा एक कण अडकला होता. तो निघाला आणि गो तिन्ही पीसमध्ये अलगद गेलं. नो-गो कशातच गेलं नाही.

"पीस पहिल्यापासून बरोबर होता," परब खाली बघून म्हणाला. "गेजमध्येच कचरा होता. सॉरी, शेठ."

"ठीक आहे," मी म्हणालो. "टिक मार आणि सुरू कर."

त्याने टिक मारली. मॅडमनी तयार माल बघितला, तोटीवर दहा-बारा नट डावीकडे फिरवून पाहिले आणि पर्स उचलली.

"माणूस दिसला," त्या म्हणाल्या. "फक्त त्याला गेज पुसायला शिकवा."

पुढची ऑर्डर चार दिवसांनी आली. त्या सोमवारी माझं सेटिंग बरोबर होतं आणि परबचं चुकलं होतं. ऑर्डर टिकली ती त्याच्यामुळे. सहा माणसांचा गाळा चालवायला मालकाचं बरोबर असणं पुरत नाही, एवढं मी त्यातून घेतलं. दुसरं काही मोठं शिकल्याचा माझा दावा नाही.

मार्करच्या दोरीला आता एक टूथब्रशही बांधलेला आहे.