सायलेशियाची विहीर

"राणीचं होऊ दे, मग बघते."

बाईंच्या या वाक्याला आमची निम्मी स्टाफरूम वैतागलेली होती. पेपर तपासून झाले का? राणीचं होऊ दे. सहलीला येणार का? राणीचं होऊ दे. बाई, चहा गार होतोय. तरी राणीचं होऊ दे. आणि हे म्हणताना खडूने पांढरी झालेली बोटं त्या हवेत अशी हलवायच्या, की दाराशी खरंच कोणी ताटकळत उभं आहे आणि मध्ये लुडबुड आम्हीच करतोय असं वाटावं.

विरारच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात बाई इतिहास शिकवत आणि मी भूगोल. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. अकरावीवर माझा तास बाईंच्या पाठोपाठ असे, त्यामुळे राणीचा ताप सर्वांत जास्त मला झाला. घंटा होऊन जायची, बाई वर्गातच, आणि मी नकाशांची गुंडाळी काखेत धरून व्हरांड्यात. ही राणी म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. पुस्तकात तिला जेमतेम दीड परिच्छेद होता. दुसऱ्या कोणी एका तासात तिला गादीवर बसवून उतरवलीही असती. बाई गणपती उठले की सुरू करायच्या आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राणीच चालायची. फ्रेंच राज्यक्रांती मुलांनी बिचाऱ्यांनी गाइडमधून करायची.

"बघा हां," बाई सुरुवात करत. "बापाला मुलगा नाही. मोठी ही मुलगी. मग बाप काय करतो? एकेका राजाकडून कबूल करून घेतो, की माझ्या पश्चात सगळं हिचं. सगळे म्हणतात, हो हो, हिचंच. त्यासाठी बाप याला हे देतो, त्याला ते देतो. आणि एक दिवस डोळे मिटतो. ही तेवीस वर्षांची, पोटुशी, तिजोरीत खडखडाट. दोन महिने होत नाहीत तोच प्रशियाचा राजा सायलेशियात घुसतो. सायलेशिया म्हणजे काय समजा, आपल्या वाडीतला विहिरीकडचा तुकडा."

आगाशी-भुईगावकडची, केळीच्या वाड्यांतली मुलं इथे माना डोलवत. विहिरीकडचा तुकडा गेला म्हणजे काय गेलं, हे त्यांना नकाशाशिवाय कळे. विरार पूर्वेच्या बिल्डिंगांतली मुलं विचारत, "मॅडम, हे एक्झामला येतं का?"

वसईचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला, त्याच्या पुढच्याच वर्षी राणी गादीवर आली, हे बाई दरवर्षी न चुकता सांगत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. मी तसं एकदा म्हटलंही. "सर, शेजारच्या घरात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नको?" बाई म्हणाल्या. व्हिएन्ना हे शेजारचं घर.

राणीच्या संसारात तर बाई पूर्ण बुडून जात. सोळा बाळंतपणं, आणि मधूनच लढायांचे कागद वाचणं. सगळ्या मुलांची नावं त्या एका दमात घेत आणि देवीच्या साथीत गेलेल्यांपाशी आवाज खाली आणत. मुलींची लग्नं म्हणजे तहाची कलमं. धाकटी फ्रान्सला दिली, तर तिला आई पत्रांतून अशी झापायची की बाई ते सांगताना स्वतःच्याच भाचीवर चिडल्यासारख्या दिसत. नवरा राणीने मनापासून पसंत केलेला. त्याच्या बाहेरच्या भानगडींबद्दल एखाद्या चोंबड्या मुलाने विचारलं, तर "ते परीक्षेला येत नाही." तो गेल्यावर राणीने केस कापले, चांगले कपडे वाटून टाकले आणि मरेपर्यंत काळं नेसली. इथे बाई खडू टेबलावर ठेवत आणि खिडकीकडे बघत. बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली होती. घरी त्या आणि वडील, आगाशीला, वाडीत.

तिथे मी एकदा गेलो होतो. बाईंचे वडील केळीच्या बागेत हाफपँटवर पाण्याचे पाट फिरवत होते. आपसात बापलेक त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, त्यातलं मला निम्मंच कळे. मी मूळचा साताऱ्याकडचा, विरार पूर्वेला चंदनसारला फ्लॅट घेऊन राहिलेला. माझ्याशी मात्र म्हातारा बाजारातली मराठी बोलला. विहीर दाखवताना त्याची छाती फुगली होती. "भर मे महिन्यात पन गोडं पानी," तो म्हणाला. "आजूबाजूला सगळं खारं झालं, सर. हिला नाय झालं."

वाटण्या झालेल्या होत्या, पण तोंडी. सातबाऱ्यावर अजून बाईंच्या आजोबांचंच नाव. मी विचारलं, उद्या तुमच्यामागे काय? म्हातारा हसला. त्याने धाकट्या भावाला आणि सगळ्या भावबंदांना देवळात नेलं होतं. देवापुढे नारळ ठेवून एकेकाचा हात त्यावर ठेवून घेतला होता, की वाडी आणि विहीर पोरीची. "आमच्यात असं बोललेलं मोडत नाय," तो म्हणाला.

मी बाईंकडे बघितलं. दरवर्षी दोन महिने जी बाई मुलांना सांगते, की राजांचा शब्द बाप जिवंत असेपर्यंतच असतो, ती बाई मान डोलावत होती.

पुढे व्हायचं तेच झालं. वडील गेले. महिनाभरात धाकट्या काकांनी विहीर आपल्या बाजूला घेऊन तारेचं कुंपण घातलं आणि येण्याजाण्यापुरतं फाटक ठेवलं. जमिनींना भाव आला होता, विहिरींना त्याहून जास्त. विरारच्या नव्या बिल्डिंगांना टँकर लागत आणि ते आगाशीकडूनच भरून येत.

स्टाफरूममध्ये बाईंनी हे सांगितलं ते डबा उघडता उघडता. माझा घास हातातच राहिला.

"बाई, आजच्या आज तलाठ्याकडे जा. वारस म्हणून नाव लावा. वकील मी बघून देतो."

"राणीचं होऊ दे, मग बघते."

"अहो, राणी गेली खड्ड्यात. तुमची सायलेशिया गेली."

बाकीचे हसले. बाईही हसल्या, पण डोळे हसत नव्हते. मग हळूच म्हणाल्या, "ते राजे होते, सर. हे माझे काका आहेत. यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली."

"राणी पोटुशी असताना लढली. तुम्हीच सांगता."

"राणीकडे फौज होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्याच राजाच्या दारातून पाण्याला जायचं नव्हतं."

मी आणखीच चिडलो. वर्षभर त्यांच्या मागे लागून शेवटी त्यांना वसईला वकिलाकडे नेलं. वकील भला होता. म्हणाला, विहीर तुमच्या वडिलांच्या वाट्याची, हे गावात सगळ्यांना माहीत आहे; आधी पंच बसवा, त्यांच्यासमोर गोष्ट पक्की झाली की पुढचं मी बघतो. फक्त तोपर्यंत गप्प बसा आणि काकांशी कसलाही व्यवहार करू नका. बाईंनी मान डोलावली. मान डोलावण्यात बाईंचा हात कोणी धरला नसता.

पंच बसले ते काकांच्या ओटीवर. मीही गेलो होतो, बाईंच्या बाजूने कोणीतरी हवं म्हणून. सुरुवात चांगली झाली. दोन म्हाताऱ्यांनी नारळाची गोष्ट कबूल केली. मला वाटलं, जिंकलो. मग काका सावकाश उठले, आतून केळीचा घड घेऊन आले आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवला.

"ह्यो घड परवा कोनी पाठवला, विचारा तिला."

बाई म्हणाल्या, "मी."

मला काही कळेना. शेजारच्या माणसाने कानात सांगितलं, की या भागात दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी घेणारा हंगामाचा पहिला घड विहीरमालकाच्या घरी पोचवतो. ज्याची विहीर त्याला घड. मालक कोणाला घड पाठवत नाही.

"विहीर हिची, तर हिने माज्याकडं घड कशाला पाठवला?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. हातात हुकमाचं पान असलेल्या माणसाला रागवायची गरज नसते.

मी मध्ये बोललो. वकिलाचं नाव काढलं, सातबाऱ्याचं काढलं. एक म्हातारा नम्रपणे म्हणाला, "सर, तुमी चंदनसारचे. हे आमच्या घरातलं हाय." विहीर काकांची, असं ठरवून पंच उठले. त्यानंतर वकिलाने फाइल उघडलीच नाही.

बसस्टॉपपर्यंत मी कसाबसा दम धरला. तिथे मात्र राहवलं नाही. "का पाठवलात? पद्धत तुम्हाला ठाऊक नव्हती?"

"ठाऊक होती," बाई म्हणाल्या. "काका फार चिडले होते. काकीही बोलत नव्हती. पंच बसायच्या आधी जरा गोडी राहावी, म्हणून."

माणसाने डोकं कुठे आपटावं? आयुष्यभर एका लढणाऱ्या बाईची कहाणी सांगून हिने त्यातून काय घेतलं, हे मला कधी कळलं नाही. एकदा तसं तोंडावर विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "राणी आयुष्यभर लढली. सायलेशिया तिलाही परत मिळाली नाही, सर. पुढे तिथला माणूस नुसता समोर आला तरी रडायची म्हणतात. मला निदान रोज काकी दिसते." मला हे पटलं नाही. आजही पटत नाही.

त्यानंतर त्या काकांनी दिलेल्या पाळीला फाटकातून जाऊन पाणी घेत राहिल्या, आणि दरवर्षी पहिला घड पाठवत राहिल्या. टँकर वाढले तशी त्यांची पाळी आखडत गेली. आधी मोगरा वाळला, मग पानवेली, शेवटी घराजवळच्या थोड्या केळी राहिल्या. एका वर्षी हसत हसत सांगत होत्या, "काका म्हणाले, यंदा घड लहान आला गं तुझा." आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ हसल्या. मी हसलो नाही. तो पदर मग तोंडावरून डोळ्यांवर गेला आणि मी उगाच कपाटात काहीतरी शोधत राहिलो.

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात बाई गेल्या. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. निवृत्तीला अजून अवकाश होता. सुट्टी असल्याने कॉलेजातून मी एकटाच गेलो.

काका त्याआधीच वारले होते. त्यांचा मुलगा पुढे आला, हात जोडून. बाईंच्या घरासमोर त्यानेच मांडव घातला होता, खुर्च्या त्यानेच मांडल्या होत्या, दहावं-बारावं सगळं तोच करणार होता. चांगला मुलगा. त्याच्यावर राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतं. बाजूला कोणी पाहुणे बसले होते, मुंबईकडचे असावेत. त्यांनी त्याला विचारलं, या बाई तुमच्या कोण?

"चुलत बहीन," तो म्हणाला. "आमच्या विहिरीवर पान्याला होत्या. पन मानूस लय सरळ. एक वरीस घड चुकवला नाय."

माझ्या ओठांवर सगळं आलं. नारळ, देऊळ, हाफपँटवरचा म्हातारा, पोटुशी राणी, सगळं. पण मांडवात बायका रडत होत्या, आणि मी चंदनसारचा.

त्याने तांब्या-भांडं पुढे केलं. ऊन फार होतं, घसा कोरडा पडला होता. पाणी अजून गोडंच होतं. मी भांडं रिकामं केलं आणि त्याला म्हटलं, "आभारी आहे."