तेल घातलेलं दार

ती पहिल्यांदा लक्षात आली चौथीत, गणिताच्या तासाला. एका पिंजऱ्यात बारा पोपट, तर पाच पिंजऱ्यांत किती, असं फळ्यावर लिहिलेलं. सगळ्यांच्या माना वहीत आणि ही हाताची घडी घालून बसलेली. "उत्तर येतंय मला," ती म्हणाली, "पण त्या पोपटांनी केलंय काय, ते आधी सांगा." त्या दिवसापासून तिचं नाव ठिणगी पडलं. वडिलांचं वेल्डिंगचं दुकान असल्यामुळे ते चिकटलंही.

वडील खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं करायचे. प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्यांची डागडुजीही त्यांच्याचकडे होती आणि त्या कामाचा त्यांना अभिमान होता. मोठी होऊन ठिणगी त्यांच्या हाताखाली काम करू लागली, तेव्हा तिला तिथली कोल्हीण दिसली. पुढच्या गजांना लागून या टोकाला जायची, वळायची, त्या टोकाला जायची. तिच्या पायांनी जमिनीत चर पडला होता. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माणसाला डांबतात तर आधी खटला तरी चालवतात," ती मित्रांना म्हणाली. मित्र दोन. एक नाटकात कामं करणारा नट, दुसरा गादीवाल्याकडचा टेम्पोवाला. बेत असा ठरला: दुपारी राखणदार जेवायला गेला की नटाने फाटकाशी चक्कर येऊन पडायचं, म्हणजे सगळे तिकडे धावतील. दुरुस्तीच्या नावाखाली टेम्पो पिंजऱ्याच्या मागच्या दाराला लावायचा. कोल्हीण आत शिरली की थेट डोंगरापलीकडचं रान.

"चावली म्हणजे?" टेम्पोवाला म्हणाला.

"तुला? तिला काही आवडनिवड असेल की," नट म्हणाला.

"गादी फाडली तर मालक मला फाडेल."

"तुम्ही गाद्याच सांभाळा," ठिणगी उसळली. "ती मरेना का तिथे फिरून फिरून."

अडचण एकच होती. ते दार उघडताना अख्ख्या बागेला ऐकू जाईल इतकं करकरायचं. ठिणगीने आदल्या दिवशी बिजागऱ्यांचा गंज खरवडून काढला आणि त्यांना पोटभर तेल पाजलं.

ठरल्याप्रमाणे नट कोसळला. इतका झकास कोसळला की सहलीला आलेल्या दोन नर्सबाई त्याला उठूच देईनात. टेम्पो मागे लागला. ठिणगीने दार ओढलं, ते लोण्यासारखं उघडलं.

कोल्हीण पुढच्या गजांशी फिरतच राहिली. आजवर ती वळून बघायची ती त्या करकरीला. आज करकर झालीच नाही.

"अगं, मागे बघ ना," ठिणगी दबक्या आवाजात म्हणाली. तिने दार हलवलं, झुलवलं, मागेपुढे ओढलं. दार निमूटपणे हललं. स्वतःच्या हातच्या कामाचा इतका संताप तिला कधीच आला नव्हता. तेवढ्यात राखणदार आला.

प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी वडिलांना बोलावून घेतलं. "निष्काळजीपणाची हद्द झाली," ते म्हणाले.

"त्यांना काही बोलू नका. दार मी उघडलं," ठिणगी म्हणाली. "आणि निष्काळजीपणाचंच बोलायचं तर तुमच्या खुर्च्यांपुढे एवढी हिरवळ आहे, आणि त्या कोल्हिणीला धावायलाही जागा नाही."

काम गेलं. दुकानाचं कुलूप काढताना वडील म्हणाले, "मला आधी विचारलं असतंस, तर तेल घालू दिलं नसतं."

आता दुकान ठिणगी चालवते. पिंजऱ्याचं काम घेत नाही, पोपटाच्या पिंजऱ्याचंसुद्धा नाही. कोल्हीण अजून तिथेच आहे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ठिणगी तिकीट काढून आत जाते आणि तिच्यासाठी मोठी जागा मागायला साहेबांच्या दारात बसते.