खडखडाटाखालचं गाणं

देवाने माणसाला डोळे दिले ते केवळ मायक्रोफोनच्या वायरीत पाय अडकू नये म्हणून, असं माझ्या मावसबहिणीचं ठाम मत आहे. बाकीचं जग तिला कानांनीच दिसतं. माणूस ओळखायचा तो चपलेच्या आवाजावरून आणि भेंडी निवडायची ती मोडताना होणारा आवाज ऐकून. बाजारात भेंडीवाल्या आक्कांनी एकदा तिला विचारलं, "घेणार हाईस का नुसतीच मोडत बसणार हाईस गं?" तर हिने रेकॉर्डर त्यांच्या तोंडापुढे धरून "आक्का, हेच परत एकदा म्हणा की," अशी विनंती केली. आक्का परत जे म्हणाल्या ते वेगळंच होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं तर ती संगीत शिकायला गेली ती ख्याल गायला. गळा गोड, सूर पक्का. बेळगावात वडगावला साड्या विणणारं त्यांचं घर, मागच्या खोलीत दोन यंत्रमाग. आपण विणलेली साडी नेसून पोरगी मंचावर बसलीय, मागे दोन तंबोरे आहेत, असं स्वप्न तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, कधीपासून पाहिलेलं. पण कॉलेजात तिला कुणीतरी संगणकावर आवाज कापायला, ताणायला, उलटे फिरवायला शिकवलं आणि घात झाला. त्या दिवसापासून ती गायची थांबली आणि 'रचना' करू लागली. एका रचनेत खानापूरच्या बसचं दार होतं, दुसरीत मावशीची फोडणी. त्या फोडणीपायी घराने तीन दिवस करपलेली आमटी खाल्ली. तिसरीत कणकुंबीच्या रानातले बेडूक होते. बेडकांच्या वेळी वायर धरायला मी होतो. पायाला जळू लागली म्हणून बोंबललो, तर बाईसाहेब म्हणतात, "दादा, लई भारी वरडलास रं! ठेवूया हे." आजही त्या रचनेत बेडकांच्या मधोमध मी आहे. कॉलेजात म्हणे ती जागा फार गाजली.

तिच्या गाण्याच्या गुरुजींनी एकदा डोळे मिटून तिची पंधरा मिनिटांची रचना शांतपणे ऐकली आणि संपल्यावर प्रेमाने म्हणाले, "छान. वाद्यं लागली असतील, तर आता सुरू कर."

गुरुजींचं ती हसण्यावारी नेई, पण आप्पांचं तिला लागे. आप्पा भांडत नसत. नुसतं म्हणत, "मागाचा आवाज काय ऐकायचा? जल्मभर त्योच ऐकत आलोय. तू गा की गं." ती म्हणे, "आप्पा, हे बी गाणंच हाय." त्यावर आप्पा उठून जात. जाता जाता म्हणत, "ह्याला गाणं म्हणायचं, तर मग मी बी गवईच की!" आप्पांनी एकदा तरी आपलं काम मनापासून ऐकावं, एवढीच तिची हौस होती. मार्कांचं तिला काही वाटत नसे.

मग आप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले, कानही मंदावले आणि माग विकायचं ठरलं. हिने लगेच त्या खोलीत मुक्काम ठोकला. आठ दिवस मागांचा आवाज भरून घेत होती. मागाच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्या घरात सगळे खुणांनी बोलतात. ओठाला अंगठा लावला की चहा, कानाची पाळी धरली की 'गप्प, ऐक.' त्या आठ दिवसांत मी जाईन तेव्हा मला पाळीच दिसली.

माग गेले, आणि आठवड्याभराने तिचा फोन आला, "दादा, आत्ताच्या आत्ता ये." गेलो तर तिने हेडफोन माझ्या कानांवर चढवला. संगणकावर तिने मागांचा खडखडाट हळूहळू दाबत नेला होता, आणि त्याच्या खालून एक माणूस गात होता. भजनाची जुनी चाल होती आणि सूर स्वच्छ होता. ते आप्पा होते.

मावशीला ऐकवलं, तर ती मटकन खाली बसली. "मला वाटायचं तमाकू चघळत्यात, म्हणून व्हट हलत्यात!" तीस वर्षं शेजारच्या मागावर काम करून तिला पत्ता नव्हता. आप्पा तर चोरी पकडल्यासारखे लाजले. "मी कुठलं गातोय? माग चालू असला की आपलं येतंय. आता माग न्हाईत, गाणं बी न्हाई." खूप विनवण्या केल्या, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. मुलीने गावं म्हणून झुरणारा हा माणूस स्वतः मात्र कायमचा गप्प होणार, या विचाराने ती आठ दिवस धड जेवली नाही.

मग एका दुपारी तिने रिकाम्या खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर मांडले आणि माग चालू केले. बाहेरच्या सोप्यात डोळा लागलेले आप्पा धडपडत धावत आले. "कुणी चालू केलं रं? डाव्या मागाचा धोटा तटतोय, सूत तुटंल, बंद करा अगोदर!" दारात येऊन त्यांनी आत पाहिलं. जमिनीवर मागांच्या पायांचे नुसते खड्डे होते. ते आपल्या जुन्या स्टुलावर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलू लागले.

मी घाईघाईने तिला रेकॉर्डरची खूण केली. तिने कानाची पाळी धरली. आणि दुसऱ्या हाताने ती मागांचा आवाज केसाएवढा, केसाएवढा कमी करत गेली. खडखडाट विरत गेला आणि खोलीत आप्पांचं गाणं तेवढं उरलं. त्यांना ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. कळलं असेल, तरी ते थांबले नाहीत.

जगातला प्रत्येक आवाज जमवणारी ही मुलगी त्या दिवशी नुसती ऐकत बसली होती. रेकॉर्डर खिडकीत तसाच पडून होता. त्या गाण्याचा पुरावा आज कुणाकडेच नाही, आणि मला त्याची अजून हळहळ वाटते. मावशी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिने ओठाला अंगठा लावून आम्हाला चहाचं विचारलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच कानाची पाळी धरली.