दक्षिणेचं गेट आणि माझे साडू

माझे मोठे साडू ज्याला पहिल्या फटक्यात 'बरोबर आहे तुमचं' म्हणाले, असा माणूस पिंपरीपासून राजगुरुनगरपर्यंत शोधून सापडायचा नाही. भांडखोर ते मुळीच नाहीत. समोरच्याचं म्हणणं हातातला चहा निवेपर्यंत ऐकून घेतात आणि मग मवाळ आवाजात विचारतात, "राव, कशावरून?" हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या लग्नात गुरुजींना विचारला होता, चाकणच्या कंपनीत साहेबाला विचारला होता आणि भात बंद करा म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही विचारला होता. गुरुजी घाम पुसत राहिले, साहेबानं त्यांना दुसऱ्या खात्यात धाडलं. डॉक्टरांनी मात्र खुर्ची पुढे ओढून सगळं समजावलं, आणि साडूंनी त्याच दिवशी भात सोडला. एकदा पटलं की त्यांच्याइतका आज्ञाधारक माणूस नाही.

मोबाइलमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईशी त्यांचं विशेष वाकडं. एकदा आम्ही राजगुरुनगरला लग्नाला निघालो होतो. चाकणच्या अलीकडे ती बाई म्हणाली, सरळ जा. साडूंनी गाडी बाजूला घेतली, रसवंतीवाल्याला विचारलं, पंक्चरवाल्याला विचारलं, दोघांची मतं ताडून पाहिली आणि डावीकडे वळले. मग आम्ही निघोजे पाहिलं, कंपन्यांच्या न संपणाऱ्या भिंती पाहिल्या, कंटेनरांच्या मागे ताटकळलो, आणि मांडवात पोचलो तेव्हा वाढपीच जेवायला बसले होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, रागानं लाल झाल्या. "चुकलो," साडू म्हणाले, "पण स्वतःच्या डोक्यानं चुकलो!" परतताना ताईंनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला.

अशा माणसाच्या चिंचवडच्या सोसायटीत वास्तुतज्ज्ञ आले. लिफ्ट सारखी बंद पडत होती, एकाचा पाय मोडला होता, दुसऱ्याची नोकरी गेली होती. तज्ज्ञांनी होकायंत्र फिरवलं आणि दोष दक्षिणेच्या मागच्या गेटात आहे असं सांगितलं. चेअरमननी सभा घेतली. गेटाला कुलूप लावण्यासाठी साडूंचा सोडून सगळे हात वर गेले, त्यात ताईंचाही होता. साडूंनी "कशावरून?" विचारलं, लोक हसले आणि चहाकडे वळले. कुलूप लागलं. पुढच्याच आठवड्यात लिफ्ट पुन्हा बंद पडली, तेव्हा तो जुन्या दोषाचा शिल्लक परिणाम असल्याचं जाहीर झालं.

खालच्या मजल्यावर लातूरकडच्या एक आजी राहायच्या. मुलगा-सून कंपनीच्या शिफ्टमध्ये, घर दिवसभर रिकामं. पुढचं गेट थेट हायवेवर उघडायचं, पण मागच्या गेटातून लहानसा रस्ता ओलांडला की बाग, आणि तिथे त्यांच्याच मुलखातल्या चार बाया रोज सकाळी जमत. आजींचा सगळा दिवस त्या घटकाभर गप्पांवर चालायचा. एकदा साडूंना त्या जिन्यात बसलेल्या दिसल्या. चेहरा उतरलेला.

"आजी, बागेत नाही गेलात?"

"कसं जाऊ दादा? म्होरून हायवेनं जायला भ्या वाटतंय. माझ्या जाण्यायेण्यानं कुणाचं काय वाईट व्हायलं होतं, ते तर कुणी सांगना."

साडूंनी तेव्हा 'कशावरून?' विचारलं नाही. आजींचा हात धरला आणि हायवेच्या कडेनं पूर्ण वळसा घालून त्यांना बागेत नेऊन सोडलं. मग रोज नेऊ लागले. त्यांचे स्वतःचे गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे कोण कुणाला आधार देतंय ते लांबून कळायचं नाही. ताईंना नवऱ्याची काळजी वाटली, म्हणून एक दिवस त्याही सोबत निघाल्या. एक कंटेनर इतक्या जवळून गेला की ताईंचा पदर उडाला. आजींनी डोळे मिटून त्यांचं मनगट घट्ट पकडलं होतं.

पुढच्या सभेला मीही पाहुणा म्हणून मागे बसलो होतो. साडू बोलायच्या आधीच ताई उभ्या राहिल्या. "मागच्या वेळी मी हात वर केला होता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी केला म्हणून केला. दुसरं कारण मला आठवत नाही. तुम्हाला कुणाला आठवतंय का?"

"पण वहिनी, एवढे मोठे तज्ज्ञ..." चेअरमन म्हणाले.

"ते त्या हायवेवरून चालतात का रोज?"

कुणी हसलं नाही. मग गेट उघडण्यासाठी कोपऱ्यातून एक हात वर आला, आणखी एक आला, आणि हळूहळू चेअरमनचाही. एकच हात खाली राहिला होता, साडूंचा. "सगळे एकदम हो म्हणाले की मला शंका येते," ते म्हणाले. ताईंनी नुसतं पाहिलं, आणि तो हातही वर गेला. साडूंचा इतका आनंदी चेहरा मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आता आजी लातूरला लेकीकडे राहायला गेल्या आहेत. तरी साडू सकाळी मागच्या गेटातून बागेत जातात आणि त्या बायांच्या शेजारच्या बाकावर बसतात. त्या आपल्या बोलीत पिकांच्या, लेकीसुनांच्या गोष्टी करत असतात. परवा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बराच वेळ ते कान देऊन ऐकत होते. मग हळूच मला म्हणाले, "यातलं निम्मं मला कळत नाही, राव. पण बोलू देत त्यांना. ऐकायला बरं वाटतं."