वाचून दाखवलेलं नाव

विसरायचं म्हटलं तरी ती घटना विसरता येत नाही. आठवली की आजही स्वतःचाच राग येतो.

नगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. अकरावीतली एक मुलगी सायकल भिंतीला टेकवून आत आली. मुलगी एकटी आली की आधी महिला शिपायाला शेजारी बसवायचं, तसं बसवलं.

“सर, आमच्या कॉलेजातला बारावीचा एक पोरगा दप्तरात कोयता घेऊन फिरतोय. शनिवारी एकाला आडवा करनार, असं स्टेटस ठेवलंय त्यानं. वाढदिवसाच्या फोटोवरून दोघांचं लई वाजलंय.”

“कोयता तू स्वतः पाहिलास?”

“व्हय, सायकल स्टँडवर. पन माजं नाव सांगू नका. आमी एकाच गावात राहतो.”

“निर्धास्त जा,” मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

दुपारी दोन्ही पोरं, दोघांचे वडील आणि गावातली चार वजनदार माणसं ठाण्यात बोलावली. प्रकरण मिटवण्याचा आम्हा पोलिसांना भारी अभिमान असतो. गुन्हा नोंदवला तर पोराचं आयुष्य नासतं म्हणून गाव ओरडतं, पुढाऱ्यांचे फोन येतात. मिटवलं की सगळे चहा पिऊन हसत घरी जातात. मलाही तेच हवं होतं.

कोयत्याचा विषय काढला, तर त्या पोराचा बाप म्हणाला, “साहेब, ऊसतोडीच्या घरात कोयता नसनार तर काय वीणा असनार? चुकून गेला आसंल दप्तरात.”

सगळे हसले. मीही हसलो. कोयता जप्त केला नाही. पोरांना हात मिळवायला लावले. त्यांनी मिळवले, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढं नक्की कळलं होतं की जो समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही, त्याचं भांडण संपलेलं नसतं. कळत होतं, तरी काणाडोळा केला.

मग हवालदाराने समजुतीचा कागद लिहिला. सही घेण्याआधी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं, ही ठाण्याची जुनी पद्धत. चांगली पद्धत आहे. कुणाला फसवल्यासारखं होत नाही. आमचा हवालदार नियमाला पक्का. त्याने सकाळच्या स्टेशन डायरीवरून पहिली ओळ जशीच्या तशी उतरवली होती आणि ती खणखणीत आवाजात वाचली. “अमुक गावची अमुक हिने समक्ष येऊन कळविल्यावरून...”

मी तिथेच बसलो होतो. नाव माझ्याही कानावर पडलं. क्षणभर चरकलो, पण सह्या चालू झाल्या, चहा आला, आणि मी गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, कॉलेजातून घरी जाताना, कालव्याच्या रस्त्यावर त्या मुलीवर वार झाला. तोंडाला रुमाल बांधलेल्या एकाने मोटारसायकलवरून येऊन कोयता चालवला. चेहरा वाचवायला तिने उजवा हात वर केला. तळहात फाटला, बोटांच्या शिरा तुटल्या.

त्या पोराला आणलं. तो अठरा पुरा नव्हता. कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे कोठडी नाही, बेडी नाही, चौकशी साध्या कपड्यांत आणि पालकासमोर. पोरगा म्हणाला, मी बापाबरोबर फडात होतो. बाप म्हणाला, होता.

मी नगरला दवाखान्यात गेलो. मुलगी म्हणाली, “तोंड बांधलेलं हुतं. वळखलं न्हाई.” ओळखलं होतं, हे तिच्या आईच्या तोंडावर दिसत होतं.

“घाबरू नकोस बाळ, आम्ही आहोत ना.”

“तवा बी तुमीच हुता, सर.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी कोरा कागद घेऊन परत आलो.

दोन दिवसांनी त्या पोराची आई एकटीच ठाण्यात आली. काखेत पोत्याची गुंडाळी. आत कोयता आणि पोराचा सदरा होता.

“मालक म्हनले हुते, धू. म्या न्हाई धुतला,” ती म्हणाली. “त्या पोरीला बघून आले दवाखान्यात. मला बी लेक हाय.”

पंचनामा केला, पोराला पुन्हा बोलावलं. आईला समोर बघून तो ढसाढसा रडला आणि सगळं कबूल केलं. मी विचारलं, तिनेच सांगितलं हे तुला कसं कळलं? तो रडता रडता माझ्याकडे बघतच राहिला. “तुमच्या हवालदारानं वाचून दाखवलं की सायेब. समद्यांसमोर.”

ते प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. तपास लवकर लागला म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. अहवालात सगळं होतं, फक्त त्या कागदाची पहिली ओळ नव्हती. ती मीच गाळली. ज्याला आडवा करायचा बेत होता तो पोरगा मजेत परीक्षेला बसला. मुलीला लेखनिक घ्यावा लागला. दोन बोटं अजून वळत नाहीत.

पोरांच्या मारामाऱ्या आभाळातून पडत नाहीत. आठवडाभर आधी वर्गातल्या दहा जणांना ठाऊक असतं. कुणी स्टेटस पाहिलेलं असतं, कुणी दप्तरातली वस्तू. त्यातला एखादाच तोंड उघडतो, आणि त्याला उघडं पाडायचं काम आम्ही मोठी माणसं करतो.

निवृत्तीनंतर एका शाळेने मला ‘किशोरवयीन सुरक्षितता’ या विषयावर बोलायला बोलावलं. काही दिसलं तर पोलिसांना सांगा, असं नेहमीचं सांगून झालं. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, सांगितल्यावर सांगनाऱ्याचं काय होतं?”

मी वर लिहिलेलं सगळं त्या पोरांना सांगितलं, स्वतःला न वगळता. मग म्हणालो, “सांगाच. पण सांगायच्या आधी विचारा, माझं नाव कुठं लिहिणार आणि कुणापुढं वाचणार? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तो पोलीस असला तरी उठा आणि दुसरं भरवशाचं माणूस गाठा. आई, मावशी, बाई, कुणीही. पण गप्प बसू नका.”

मुख्याध्यापकांनी घाईघाईने आभार मानले. त्या शाळेने मला पुन्हा बोलावलं नाही.