खोडरबर बाईंची छत्तीस चित्रं

मंगळवार, ११ फेब्रुवारी. आठवीची चाळीस चित्रं घरी आणली. उद्या समिती येणार. ताईचा गुडघा कालपेक्षा बरा. सातच्या सुमारास टेबलावरच्या दिव्याचा बल्ब गेला.

एवढंच लिहून चित्रकलेच्या बाईंनी वही मिटली. शाळेत पाठीमागे त्यांना खोडरबर बाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. गेली एकोणतीस वर्षं, प्रदर्शन असो की तपासणी, मुलांची चित्रं भिंतीवर लावण्याआधी त्या घरी आणत. वाकडी भिंत सरळ करत, रेघेबाहेर गेलेला रंग आत घेत. चारचौघांत मुलांचं हसं होऊ नये, इतकाच हेतू.

या खेपेला चित्रकलेचे आठवड्यातले दोन्ही तासच जाण्याची वेळ आली होती. ते गणिताला द्यावेत, असं शाळा समितीच्या मनात होतं. मुलांचं काम बघून काय ते ठरवू, असा मुख्याध्यापिकेचा निरोप होता.

त्या संध्याकाळी पलंगावरून ताईने विचारलं होतं, "सगळीच्या सगळी तूच काढणार का?"

"काढत नाहीये. हात फिरवतेय."

"शाळेत असताना माझ्या वहीतल्या घोड्यावरही असाच हात फिरवला होतास. बक्षीस मला मिळालं. अजून घशाखाली उतरलेलं नाही."

बाईंनी पुढचं चित्र ओढलं. छत्तीस चित्रं झाली आणि बल्ब गेला. घरात दुसरा नव्हता, ट्यूबच्या उजेडात त्यांना बारीक रेघ दिसत नसे, आणि दुकानापर्यंत जायचं अंगात त्राण नव्हतं. चार चित्रं तशीच राहिली.

समितीतले म्हातारे इंजिनीयर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेबरोबर चित्रांसमोरून सावकाश फिरले. विषय होता 'माझं घर'.

"बाई, सगळ्या घरांची खिडकी डावीकडेच कशी? झाडही एकच दिसतंय. नुसतं बघून उतरवायचं, तर त्याला दोन तास कशाला हवेत?"

ते शेवटच्या चारांपाशी थांबले. एका चित्रात घर नव्हतंच. टेबलाचे चार पाय होते आणि त्यांच्यामधून दिसणारा डोंगराएवढा गॅस सिलिंडर.

"हे काय?"

"तिचं घर एका खोलीचं आहे. ती टेबलाखाली बसून अभ्यास करते," बाई म्हणाल्या. काल त्या चित्राला दार काढून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. "ही चार तेवढी मुलांची स्वतःची आहेत, साहेब. बाकीच्या छत्तीसांवर माझा हात फिरलाय. दिवा गेला, म्हणून ही राहिली."

मुख्याध्यापिकेने खाली बघितलं. इंजिनीयर बराच वेळ त्या सिलिंडरकडे बघत राहिले.

"एक तास ठेवू," शेवटी ते म्हणाले. "पण चित्रं घरी न्यायची नाहीत."

बाईंनी मान हलवली. तास राहिल्याचं बरं वाटायला हवं होतं. पण एकोणतीस वर्षांत अशी किती टेबलं आपण पुसली असतील, हेच घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिलं.

"काय झालं गं?" ताईने विचारलं.

"एक तास राहिला."

"आणि तुझं तोंड का असं?"

"दमले गं."

चहा पिऊन त्यांनी वही उघडली.

बुधवार, १२ फेब्रुवारी. नवा बल्ब आणला. टेबलावरचा दिवा ताईच्या पलंगाजवळ हलवला.