अंधेरीत शिकलेली वनशेती

वनशेतीचं प्रशिक्षण मी अंधेरीत, एसी हॉलमध्ये घेतलं. शनिवार-रविवार, जेवणासकट. आम्ही तीस-पस्तीस जण होतो. सर आम्हांला "शेतकरी मित्रांनो" म्हणाले की सगळे ताठ बसायचे. मुलुंडच्या एका बाईंनी तर मातीशी नातं जोडायचं म्हणून चपला काढून ठेवल्या होत्या. खाली गालिचा होता, पण भावना खरी होती.

मला मात्र गरजच होती. कोकणातली आमची सामायिक वाडी काका एकटे सांभाळतात. चार वर्षांपूर्वी आम्ही मुंबईकर भावंडांनी बोरिवलीत, माझ्या घरी मीटिंग घेतली आणि ठरवलं, की वाडीचं नुसतं जंगल झालंय, सगळं साफ करून रांगेत हापूस लावायचा. सर्वांत मोठ्या आवाजात मीच बोललो होतो. काका फोनवर नको नको म्हणत होते, तर मी स्पीकर बंद केला. आता निम्मी कलमं वाळलीत, पावसात माती वाहून जातेय, आणि काका त्यावर चकार शब्द काढत नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निदान उरलेली वाडी तरी वाचवावी, म्हणून मी हे शिकत होतो.

रविवारी काकांनाही नेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडेच राहिले होते. काळा चष्मा लावून हॉलभर बघत त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्यांतलो शेती करता कोण?"

मी म्हटलं, "काका, शिकतायत अजून."

मग पडद्यावर 'आदर्श वनशेती' आली. वर माड, खाली पोफळी, पोफळींवर मिरीचे वेल, मध्ये जायफळ, सावलीत हळद नि अननस. सगळ्यांनी पटापट फोटो काढले. मी वर केलेला फोन खिशात घातला. आम्ही तोडली ती हीच वाडी होती, झाडन् झाड.

काका उठून उभे राहिले. "सायबानू, ह्या सगळा आमच्या वाडीत होता."

सर खूश झाले. "होतं म्हणजे? आता नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शरमेने मान खाली घातली.

"वादळात गेला," म्हणाले आणि खाली बसले.

हॉलभर "अरेरे" झालं. त्यात माझाही आवाज होता.